वाचकांचे प्रश्न : थंडीच्या दिवसांत लहानग्यांसोबत

*या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयावर होती. दिवस लहान झाला, बाहेरचे खेळणे कमी झाले, आता घरातल्या लहान मुलांसोबत काय करावे, असे पालकांनी आणि आजी-आजोबांनी विचारले आहे. त्यांतले पाच प्रश्न निवडून त्यांची उत्तरे देत आहे.*

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आणि मुलगी सहा वर्षांची आहे. संध्याकाळी लवकर अंधार पडतो आणि दोघे घरात एकमेकांच्या अंगावर धावतात. तयार हस्तकलेचे संच आणून पाहिले, पण मुलीला जमते ते मुलाला जमत नाही आणि शेवटी ते मलाच पूर्ण करावे लागते. दोघांना एकत्र करता येईल असे काही सुचवाल का?

मिठाची कणीक मळायला घ्या. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि साधारण एक वाटी पाणी एवढेच साहित्य लागते. पाणी एकदम न ओतता थोडेथोडे घालावे आणि गोळा हाताला चिकटेनासा झाला की थांबावे. तयार संचात शेवटी काय दिसले पाहिजे हे खोक्यावरच्या चित्राने आधीच ठरवलेले असते, त्यामुळे लहान मूल पहिल्या पाच मिनिटांतच मागे पडते. कणकेच्या गोळ्याला असे चित्र नसते. तुमचा मुलगा तासभर नुसता गोळा थापेल, त्यात बोटे खुपसेल, तो पुन्हा मोडेल. मुलगी त्याच वेळी पाने, चांदण्या, पक्षी कापेल. दोघांचेही काम पूर्णच असेल.

पोळी सुमारे अर्धा सेंटिमीटर जाडीची लाटावी. टांगण्यासाठी भोक पाडायचे असेल तर ते कणीक ओली असतानाच काडीने पाडावे, कारण वाळल्यावर भोक पाडू गेले की तुकडा हमखास फुटतो. भट्टी (ओव्हन) असेल तर 100 अंश सेल्सिअसवर दोन ते तीन तास ठेवावे आणि मध्ये एकदा उलटावे. वेळ वाचवण्यासाठी उष्णता वाढवण्याचा मोह होतो, पण मग आतल्या पाण्याची वाफ होऊन तुकडे फुगतात आणि त्यांना तडे जातात. भट्टी नसेल तर जाळीवर पसरून दोन ते चार दिवस वाळू द्यावे आणि रोज उलटण्याचे काम मुलांकडे सोपवावे. सकाळी उठल्याबरोबर ‘आज किती घट्ट झाले’ हे बोटाने दाबून पाहण्यात मुले रमतात, म्हणून मला स्वतःला ही सावकाश वाळवण्याची रीतच अधिक आवडते. रंग पूर्ण वाळल्यानंतरच द्यावा. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे या वस्तू दमट दिवसांत मऊ पडतात. त्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी. या कणकेत मिठाचे प्रमाण फार मोठे असते आणि ती खाल्ल्यास लहान मुलांना, तसेच घरातल्या कुत्र्यामांजरांना, खरोखर धोका होऊ शकतो. साडेतीन वर्षांच्या मुलाला चव घेण्याचा मोह होणारच, म्हणून त्याच्याजवळून हलू नये आणि काम संपले की उरलेला गोळा उंचावर ठेवावा.

आणखी एक विनंती आहे. मुलाची चांदणी वेडीवाकडी झाली तरी आपण तिचे कोपरे नीट करू नयेत. आपण केलेली वस्तू आईने दुरुस्त केली हे मुलाच्या लगेच लक्षात येते आणि पुढच्या वेळी ते आपणहोऊन ‘तूच कर’ म्हणते.

प्रश्न : मी मुलीसोबत कागदाचे हिमकण कापून पाहिले. आमचा हिमकण कधी आठ टोकांचा होतो, तर कधी उलगडताच त्याचे दोन तुकडे पडतात. शिवाय ‘बर्फाला सहाच टोके का’ या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

आठ टोके घडीमुळे येतात. चौकोनी कागद अर्धा, पुन्हा अर्धा आणि पुन्हा अर्धा केला की आठच भाग होतात. त्याऐवजी कागद एकदा कर्णावर दुमडून त्रिकोण करावा आणि लांब बाजू खाली ठेवावी. त्या बाजूच्या मध्यबिंदूपासून उजवा कोपरा डावीकडे आणि डावा कोपरा उजवीकडे असा वळवावा की तिन्ही भाग एकमेकांवर सारखे बसतील. सहा वर्षांच्या मुलीला हे तीन भाग डोळ्यांनी जुळवणे अवघड जाते, म्हणून ही एक घडी तुम्ही घालून द्यावी. मग ती पाचर उभी अर्ध्यात दुमडावी आणि वरची असमान टोके कापून टाकावीत. आता कागदाचे 12 पदर झालेले असतात, म्हणून कागद पातळच हवा. वहीच्या जाड पुठ्ठ्यावर मुलांची बोथट कात्री चालत नाही आणि मूल हिरमुसते.

तुकडे पडतात ते काप एका घडीपासून निघून समोरच्या घडीपर्यंत पोहोचल्यामुळे. दोन्ही बाजूंच्या घड्यांवर छोटे त्रिकोण आणि अर्धगोल कापावेत, पण मधली एक पट्टी टोकापासून वरपर्यंत अखंड राहू द्यावी. उलगडण्याचे काम मुलीलाच करू द्यावे आणि तेही सावकाश, एकेक घडी.

आता तिच्या प्रश्नाकडे वळू. हाच प्रश्न खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांना पडला होता आणि 1611 साली त्यांनी त्यावर एक छोटा निबंध लिहिला. समाधानकारक उत्तर मात्र त्यांना मिळाले नाही, कारण पाण्याचे रेणू गोठताना एकमेकांना कसे धरतात हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला. हे रेणू गोठताना मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जाळीत बसतात. सूक्ष्म स्फटिक त्यामुळे सहा बाजूंचा होतो आणि ढगातून खाली येताना त्याच्या सहा कोपऱ्यांवर बाष्प साचून सहा फांद्या फुटतात. मुलीला एवढे सांगितले तरी पुरे : पाण्याचे कण गोठताना सहाजणांचे रिंगण धरतात. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातील विल्सन बेंटली या शेतकऱ्याने 1885 साली सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा जोडून हिमकणाचे पहिले छायाचित्र घेतले आणि आयुष्यभरात अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे टिपली, हेही तिला सांगावे. तुमच्याकडे बर्फ पडत असेल तर गडद रंगाचे कापड आधी काही वेळ बाहेर ठेवून गार करावे, त्यावर हिमकण झेलावेत आणि भिंगातून पाहावेत. कापड उबदार असेल तर कण पडताक्षणी विरघळतात आणि मुलीच्या हाती काहीच लागत नाही.

प्रश्न : आमच्याकडे बर्फ कधीच पडत नाही. पुस्तकांतली चित्रे पाहून पाच वर्षांचा नातू रोज बर्फ मागतो. काय करावे?

घरातल्या फ्रीजमध्ये बर्फ आहे आणि पाच वर्षांच्या मुलाला तेवढा पुरतो. उथळ ताटलीत पाणी घ्यावे, त्यात नातवाने वेचून आणलेली पाने, पाकळ्या, बिया सोडाव्यात, दोऱ्याची दोन्ही टोके पाण्यात बुडतील असा फास ठेवावा आणि रात्रभर गोठवावे. सकाळी ताटलीच्या तळावर नळाचे पाणी सोडले की चकती सुटते. ती खिडकीत टांगून खाली एक भांडे ठेवावे आणि ती वितळताना पाहत बसावे. आतले पान आधी मोकळे होईल की बी, यावर माझ्या वर्गातली मुले पैजा लावतात.

दुसरा खेळ दोऱ्याचा आहे. बर्फाचा खडा पाण्याच्या वाटीत तरंगत ठेवून ओला दोरा त्यावर टेकवावा, वरून चिमूटभर मीठ भुरभुरावे आणि मिनिटभर थांबून दोरा उचलावा. खडा दोऱ्याला चिकटून वर येतो. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून दोऱ्याभोवतीचा बर्फ थोडा वितळतो. वितळताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि मीठ पातळ होताच ते पाणी दोऱ्यासकट पुन्हा गोठते. पहिल्यांदा फसले तर मीठ जास्त पडले असावे किंवा घाई झाली असावी.

नातवाला खरे हिम दाखवायचे असेल तर पत्र्याच्या डब्यात बारीक केलेला बर्फ भरावा, बर्फाच्या सुमारे एक तृतीयांश मीठ त्यात ढवळावे आणि डब्याच्या बाहेरच्या बाजूला एक ओलसर फडके फिरवावे. काही मिनिटांत तिथे पांढरी हिमाची साय धरते आणि नखाने तिच्यावर रेघ ओढता येते. हे मिश्रण शून्याखाली 20 अंशांपर्यंत उतरू शकते, म्हणून डबा फडक्याने धरावा आणि नातवाला मिश्रणात बोटे घालू देऊ नयेत.

प्रश्न : मी आजी आहे. चार वर्षांच्या नातीला माझ्यासोबत स्वयंपाकघरात काम करायचे असते, पण चाकू आणि आच यांची मला भीती वाटते. थंडीत तिच्या हातून होईल असा खाऊ सांगा.

आजी, तुमची भीती रास्त आहे, पण तेवढ्यासाठी तिला ओट्यापासून दूर ठेवू नका. चाकूचे आणि आचेचे काम तुमचे, बाकीचे तिचे, अशी वाटणी करावी. भाजलेले सफरचंद त्यासाठी फार सोयीचे आहे. तुम्ही सफरचंदाचा गाभा वरून काढावा, पण तळ तसाच ठेवावा. त्या खळग्यात बारीक चिरलेल्या मनुका बोटांनी दाबून भरणे, दालचिनीची पूड भुरभुरणे आणि वर लोण्याचा छोटा गोळा ठेवणे ही सगळी कामे नातीची. 180 अंशांवर अर्धा ते पाऊण तासात सफरचंद मऊ होते. भट्टी नसेल तर वाफवूनही चालते. दालचिनीचा वास घरभर सुटला की ती दर दोन मिनिटांनी ‘झाले का’ म्हणून विचारेल, आणि तेवढ्या वेळात ताटल्या मांडण्याचे काम तिला देता येईल. वाढताना आधी सफरचंद मधोमध कापून निवू द्यावे, कारण साल कोमट लागली तरी आतले सारण बराच वेळ चटका देण्याइतके गरम असते.

गरम कोको करायचा असेल तर पूड थेट दुधात टाकू नये. तिच्यात स्निग्धांश असल्यामुळे ती नीट भिजत नाही आणि गुठळ्या तरंगतात. पेल्यात कोको आणि साखर एकत्र करून दोन चमचे कोमट दुधात घोटावे. हे घोटणे नातीला तन्मयतेने करता येते. उरलेले गरम दूध तुम्ही ओतावे आणि पेला तिच्या हाती देण्यापूर्वी कोमट झाल्याची खात्री करावी. गरम पेय हातात असताना मूल मांडीवर कधीही घेऊ नये.

घरात आणखी लहान बाळ असेल तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोटही लावू नये, कारण मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे अशा बाळांना गंभीर विषबाधा होऊ शकते. अख्खे दाणे, अख्खी द्राक्षे आणि लाह्यांसारखे पॉपकॉर्न चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतात, म्हणून तेही टाळावेत.

प्रश्न : थंडीत मुलांना बाहेर नेले की सर्दी होते असे घरचे म्हणतात. आमची मुलगी चार वर्षांची आहे. तिला अंधाराचीही भीती वाटते, त्यामुळे संध्याकाळ फार लांबते.

सर्दी विषाणूंमुळे होते आणि ते बंद, कोंदट खोलीत एकमेकांकडे सहज पोहोचतात. तेव्हा मुलगी बरी असेल आणि थंडी कडाक्याची नसेल तर तिला रोज बाहेर न्यावे. एक जाड कपडा घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर चढवावेत, म्हणजे थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते आणि धावून घाम आला तर एक थर उतरवता येतो. घसरगुंडीवर किंवा झोक्यावर जाताना लांब मफलर मात्र काढावा, कारण तो अडकून गळा आवळला जाऊ शकतो. थंडीत सूर्य आकाशात खाली असतो, त्यामुळे भर दुपारीही सावल्या लांब पडतात. जमिनीवर खडूने तिच्या सावलीची कडा काढावी, तासाभराने त्याच जागी तिला उभे करावे आणि सावली कुठे सरकली ते तिलाच शोधू द्यावे.

अंधाराच्या भीतीसाठी तिच्या हाती विजेरी द्यावी. दिवा मालवून भिंतीवर हाताच्या सावल्या पाडाव्यात. हात विजेरीच्या जवळ नेला की सावली वाढते आणि भिंतीकडे नेला की आक्रसते. माझ्या वर्गातली पाच वर्षांची एक मुलगी अंधारात रडायची. एके दिवशी विजेरी तिच्या हाती आली, तिने आपल्याच पंजाची सावली छतापर्यंत वाढवली, मग हळूहळू लहान करत भिंतीवर मुठीएवढी केली आणि म्हणाली, ‘आता ती माझं ऐकते.’ त्यानंतर रोज दिवा मालवण्याचे काम तिनेच मागून घेतले.

आणि लवकर अंधार पडण्याचा एक मोठा फायदा तुम्हाला आहे, तो वाया घालवू नका. उन्हाळ्यात चांदण्या दिसेपर्यंत चार वर्षांचे मूल झोपलेले असते. या दिवसांत जेवणाआधीच आकाश भरलेले असते. उत्तर गोलार्धात राहत असाल तर डिसेंबरअखेरीपासून संध्याकाळी पूर्वेकडे मृग नक्षत्राच्या तीन चांदण्या एका ओळीत दिसू लागतात. तिला एवढ्याच तीन चांदण्या शोधायला सांगा. त्या सापडल्या की दुसऱ्या दिवशी ती स्वतःच अंधार पडण्याची वाट पाहील.