भारांक नंतर बदला, आधी विहिरींचे अक्षांश तपासा

विहिरींशी न जुळणाऱ्या भूजल नकाशाविषयीची आपली विचारणा वाचताना माझीच चार-पाच वर्षांपूर्वीची फाइल कोणीतरी समोर उघडून ठेवली आहे असे वाटले. पुणे जिल्ह्यातील कऱ्हा नदीच्या खोऱ्याचा भूजल संभाव्यता नकाशा (कुठे पाणी लागण्याची शक्यता किती हे दाखवणारा), उतार, भूरूपे, लिनिअमेंट (चित्रात दिसणाऱ्या भेगांसारख्या सरळ रेषा), ओढ्यांची घनता, जमिनीचा वापर हे एकावर एक ठेवायचे नेहमीचे थर, आणि पडताळणीच्या वेळी मात्र 'उत्तम' पट्ट्यातील विहिरी कोरड्या, तर 'अल्प' पट्ट्यातील काही विहिरींना मे महिन्यातही पाणी. मार्गदर्शकांनी आपल्याला एएचपीचे (थरांची जोडीजोडीने तुलना करण्याच्या पद्धतीचे) भारांक, म्हणजे प्रत्येक थराला दिलेले महत्त्व, बदलून पाहण्यास सांगितले आहे. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून सांगते की, इतक्यात तसे करू नका. मी भूगोलाची विद्यार्थिनी होते, भूवैज्ञानिक नाही, त्यामुळे खडकाविषयी मी जे लिहीन ते एखाद्या जाणकाराकडून पडताळून घ्यावे; पुढची चूक मात्र मी स्वतः केलेली असल्यामुळे तिच्याविषयी खात्रीने बोलू शकते.

थर कसे तयार करायचे, वर्गवारी कशी करायची, हे आपल्याला येतेच, म्हणून ते सोडून देते.

माझा अभ्यास कऱ्हा आणि निरा अशा दोन्ही खोऱ्यांचा होता. पडताळणीसाठी मला एका कार्यालयातून विहिरींची यादी मिळाली होती. त्या कार्यालयाचे नाव घेत नाही. यादीत गाव, अक्षांश, रेखांश आणि पाण्याची खोली एवढे चारच स्तंभ होते. मी ती तशीच क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या संगणकप्रणालीत घेतली. बऱ्याच विहिरी अभ्यासक्षेत्राच्या दक्षिणेला, पार सातारा जिल्ह्यात जाऊन पडल्या, तेव्हाच मी थांबायला हवे होते. त्याऐवजी 'सदोष नोंदी' असे म्हणून मी त्या काढून टाकल्या आणि उरलेल्यांवर पडताळणी केली. ती चांगली जुळलीसुद्धा, आणि त्याचे कारण पुढे कळले तेव्हा हसावे की रडावे हे समजेना: माझ्या नकाशाचा बहुतेक भाग 'मध्यम' वर्गात होता आणि बहुतेक विहिरीही 'मध्यम' होत्या, त्यामुळे त्या कुठेही टाकल्या असत्या तरी जुळल्याच असत्या.

सगळे उघडकीस आले ते एका प्रत्यक्ष भेटीत. यादीप्रमाणे सासवडजवळची म्हणून नोंदलेली एक विहीर मोबाइलच्या जीपीएसने शोधत मी निघाले, तर निरेच्या बाजूच्या एका डोंगरसोंडेवर, उघड्या कातळावर येऊन उभी राहिले. शेळ्या राखणाऱ्या आजोबांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पोरी, हितं सुरुंग लावला तरी घागर भरायची न्हाई, विहीर कोण खांदंल?" घरी येऊन अक्षांशांचा स्तंभ लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावला. दशांशचिन्हानंतरचे दोन अंक एकाही ओळीत ५९ च्या वर गेलेले नव्हते. म्हणजे ते अपूर्णांक नव्हतेच, ती मिनिटे होती (एका अंशाची ६० मिनिटे). १८ अंश २० मिनिटे हे कोणीतरी १८.२० असे टंकित केले होते, आणि खरा दशांश होतो १८.३३३, एवढ्या एका ठिपक्यामुळे विहीर सुमारे १५ किलोमीटर दक्षिणेला सरकली होती.

त्या कार्यालयात मी याबाबत तीन वेळा गेले. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर होते, दुसऱ्यांदा अर्ज दुसऱ्या टेबलावर द्यायचा होता, आणि तिसऱ्यांदा "आम्हाला आली तशी आम्ही दिली" हे उत्तर मिळाले. मूळ नोंदवही दाखवा म्हटल्यावर तर मी जणू त्यांच्या घरचे दागिने मागत आहे अशा नजरेने माझ्याकडे पाहिले गेले. हे येथे लिहिण्याची गरज नव्हती, पण त्यात माझे एक पूर्ण सत्र गेले, म्हणून लिहिले. आपण हेलपाटे न घालता निदान वीस विहिरींवर स्वतः जाऊन या. मे महिन्यात जा, दोरीला वजन बांधून पाण्याची खोली स्वतः मोजा आणि मालकाला विहिरीत पाणी कुठून येते ते विचारा.

हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जागा दुरुस्त केल्यावरही माझ्या काही विहिरी नकाशाशी भांडतच राहिल्या, आणि त्यांतील बऱ्याचशा निरा डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला निघाल्या. कालव्याच्या पाझरावर भरणारी विहीर भूरूपाविषयी काहीच सांगत नाही. अशा विहिरी काढून टाकू नका, पण वेगळ्या मोजा. उपग्रहचित्रातील हिरवळीचेही तसेच आहे. २०१८ च्या दुष्काळानंतरचा एप्रिल २०१९ आणि भरपूर पावसानंतरचा एप्रिल २०२० अशी सेंटिनेल-२ उपग्रहाची दोन चित्रे घेऊन एनडीव्हीआय (हिरवळीचा निर्देशांक) काढला, तर दोन्ही वर्षी हिरवे राहिलेले तुकडे लगेच दिसतात. मात्र त्यांत कालव्यावरचा ऊस असतो आणि शेततळ्यावर जगवलेल्या पुरंदरच्या अंजिराच्या बागाही असतात. ते वगळून ओढ्याकाठी जे उरते तेच कामाचे.

आता भूरूपाविषयी, कारण आपली खरी अडचण तेथे असावी असा माझा अंदाज आहे. आपला प्रदेश लाव्हाच्या आडव्या थरांचा, म्हणून डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे. जेजुरीच्या कडेपठारासारख्या माथ्यावर उभे राहिले की दिसते, वर सपाटी आहे, पण माती जेमतेम आणि खाली कठीण काळा पाषाण. दरीच्या तळाशीही सपाटीच आहे, पण तेथे गाळ, मुरूम आणि झिजलेला मांजऱ्या खडक (बारीक पोकळ्या असलेला लाव्हाचा थर) आहे, ज्यात पाणी साठते. उताराच्या थराला या दोन सपाट्यांमधला फरक कळत नाही. तो दोघींनाही पैकीच्या पैकी गुण देतो. ओढे माथ्यावर नुकते उगम पावत असल्यामुळे तेथे त्यांची घनताही कमी भरते आणि पुस्तकी नियमाने पुन्हा गुण वाढतात. आपल्या 'उत्तम' पट्ट्यातील कोरड्या विहिरी अशा माथ्यांवर किंवा त्यांच्या कडेला आहेत का, ते पाहा. मी डीईएमवरून (जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशावरून) प्रत्येक ठिकाणाची जवळच्या ओढ्यापासूनची उंची काढून तो एक थर वाढवला, आणि भारांकांना हात न लावता नकाशा बराच सुधारला.

लिनिअमेंटबाबत माझे मत जरा टोकाचे आहे: बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या लाव्हाच्या काळ्या खडकात, केवळ त्यांच्या घनतेला मोठा भारांक देणे मला पटत नाही. एखादी डाईक (खडकाच्या भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाची उभी भिंत) भेगाळलेली असेल तर पाणी वाहून नेते, घट्ट असेल तर बांधासारखी अडवते; चित्रात दोन्ही सारख्याच रेषा दिसतात. शिवाय ३१५ अंशांच्या, म्हणजे वायव्येकडून येणाऱ्या, एकाच प्रकाशदिशेने डीईएमचे छायांकन (उजेड-सावलीचे चित्र) केले, तर वायव्य-आग्नेय रेषा जवळजवळ पुसल्या जातात. किमान चार दिशांनी पाहा, आणि रस्ते व जलवाहिन्या आधी वगळा.

जाता जाता डीईएमविषयी एक सूचना. १२.५ मीटरचा म्हणून ॲलॉस उपग्रहावरील पालसार रडारच्या ज्या उत्पादनासोबतचा डीईएम बरेच विद्यार्थी वापरतात, तो आपल्याकडे मुळात एसआरटीएम या अंतराळयानातून केलेल्या उंची-मोजणीचाच ३० मीटरचा डेटा बारीक चौकटीत बसवलेला असतो, आणि त्यातील उंची समुद्रसपाटीपासून नसून लंबगोलापासून (पृथ्वीच्या मानलेल्या गणिती आकारापासून) असते. पुणे परिसरात हा फरक साठ मीटरांहून अधिक भरतो. विहिरीतील पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या संदर्भात काढणार असाल, तर दोन स्रोतांतील उंची एकमेकींत मिसळू नका. गुरुत्वाकर्षणातील बदलावरून पाण्याचा अंदाज देणाऱ्या ग्रेस उपग्रहाचा डेटा तालुक्यासाठी वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नकार द्या; त्याची नजर शेकडो किलोमीटरांच्या पट्ट्याची आहे, आणि तो एक किलोमीटरच्या चौकटीत ताणून बसवल्याने त्यात नवीन माहिती येत नाही.

आपल्या यादीतील अक्षांश-रेखांशांचे दोन स्तंभ, गावांची नावे काढून, येथे टाकलेत तर मी रविवारी पाहून सांगेन.