लुका डॉन्चिच आल्यावर 2025-26 साठी NBA मधल्या लॉस एंजेलिस लेकर्सचा संघ कितपत भरला? इंदूरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर आमचा रोज वाद होतो

आक्रमण भक्कम, सेंटरची (रिंगखाली खेळणाऱ्या उंच खेळाडूची) जागा कशीबशी भरलेली आणि बाहेरच्या फळीचा बचाव अजून पातळ, अशी त्या हंगामाच्या सुरुवातीची स्थिती होती. फेब्रुवारी 2025 मध्ये डॉन्चिचसाठी त्यांनी अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि 2029 चा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) दिला. डेव्हिस गेल्यावर रिंगखाली कुणी उरलंच नाही. त्या जागेसाठी शार्लटच्या मार्क विल्यम्सचा ठरवलेला सौदा वैद्यकीय तपासणीनंतर त्यांनीच मोडला. त्याची किंमत प्लेऑफमध्ये मिनेसोटाविरुद्ध मोजली: मालिका 1-4, पाचव्या सामन्यात त्यांचा सेंटर गोबेअर याचे एकट्याचे 27 गुण आणि 24 रिबाउंड. उन्हाळ्यात पोर्टलंडने मोकळा केलेला डीआंद्रे एटन आला. रिबाउंड आणि पिक-अँड-रोल (गार्डला आडोसा देऊन रिंगकडे धावणं) तो सांभाळेल, पण रिंग राखण्यात तो डेव्हिस नव्हे. माझ्या मते खरी खोट फिनी-स्मिथ ह्यूस्टनला गेल्याची. मार्कस स्मार्ट आला, पण फिनी-स्मिथसारख्या उंच विंगची (बाजूने खेळणाऱ्या खेळाडूची) जागा स्मार्टसारखा गार्ड भरत नाही. थंडीत घरचे सामने आपल्याकडे सकाळी नऊच्या सुमारास, ऐन पोह्यांच्या वेळी असतात. तेव्हा स्कोअरपेक्षा समोरचे गार्ड किती सहज आत शिरतात ते मोजा. फक्त एक: एटन आणि स्मार्ट दोघांच्याही 2025 च्या करारात पहिल्या वर्षानंतर करार सोडायची मुभा होती, त्यामुळे त्यांना कायमचे धरू नका.