गळत नाहीत, ते केस जातात कुठे?

वाचकांचे प्रश्न : घरातले प्राणी

प्रश्न : आम्ही ठाण्यात चौथ्या मजल्यावर दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी आणि मिस्टर दोघंही नोकरीला, घरी सासूबाई असतात. नऊ वर्षांच्या मुलाने कुत्र्यासाठी तीन वर्षं हट्ट धरलाय. त्याला धुळीने शिंका येतात, थंडीत छाती घरघरते, म्हणून आम्ही टाळत आलो. आता एकाने लॅब्राडूडलचं पिल्लू दाखवलंय. केस गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही, म्हणतो. साडेपाच आठवड्यांचं आहे, ६५,००० रुपये सांगतोय, पिल्लाचे केनेल क्लबचे कागदही देणार आहे. शनिवारपर्यंत टोकन द्यायचंय. डॉक्टर, घ्यावं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अंक तुमच्या हातात पडेपर्यंत तो शनिवार उलटून गेलेला असणार, म्हणून पत्र वाचल्या वाचल्या ‘टोकन देऊ नका’ एवढं फोनवर कळवलं होतं. का, ते आता सांगते.

आधी कागद, कारण तिथेच पाणी मुरतंय. केनेल क्लब ऑफ इंडिया वंशावळीचे कागद देतं ते शुद्ध जातीच्या कुत्र्यांना. लॅब्राडूडल म्हणजे लॅब्राडॉर आणि पूडलचा संकर, म्हणजे या पिल्लाला ते कागद मिळूच शकत नाहीत. फार तर आईबापांचे असतील. दुसरं वय. केंद्राच्या २०१७ च्या श्वान-प्रजनन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि विकणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नियम राहू द्या बाजूला. याच दिवसांत पिल्लं एकमेकांना चावतात, चावलेलं केकाटतं, आई गुरकावते आणि दात किती जोरात लावायचे ते पिल्लाला कळतं. ती शाळा बुडाली की फी तुमच्या मुलाच्या मनगटांनी भरायची.

आता ॲलर्जी. हे प्रकरण मूळचं ऑस्ट्रेलियातलं, १९८९ सालचं. हवाईतल्या एका अंध बाईंना वाट दाखवणारा कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला कुत्र्याचं वावडं. ऑस्ट्रेलियातल्या गाइड डॉग संस्थेतल्या वॉली कॉनरन यांनी लॅब्राडॉर आणि मोठ्या पूडलची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, तर नवऱ्याला सोसला तो एकच, सुलतान नावाचा. एकाच आईची, एकाच वेळची तीन पिल्लं, त्यातला एक! तुमचा विक्रेता मात्र सगळ्यांचीच हमी देतोय. कॉनरननी पुढे २०१९ मध्ये, हे मी उगाच सुरू केलं, असं जाहीरपणे म्हटलं, कारण लॅब्राडूडल हे नाव गाजलं आणि जो तो मिळेल त्या कुत्र्याचा पूडलशी संकर करत सुटला.

ॲलर्जी होते ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे. केस हे त्यांचं नुसतं वाहन. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पूडल, लॅब्राडूडल अशा ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणवणाऱ्या कुत्र्यांचे केस तपासले, तर त्यातल्या मुख्य प्रथिनाचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा कमी निघालं नाही. म्हणून मुलाला आधी बालरोगतज्ज्ञांकडे न्या, कुत्र्याच्या ॲलर्जीची चाचणी करून घ्या. त्यांची हरकत नसेल तर ओळखीच्या कुणाकडे मोठं झालेलं डूडल, म्हणजे असा पूडलचा संकर, असेल तिथे चार-पाच वेळा तासभर खेळायला पाठवा. पिल्लाबरोबर दहा मिनिटं बसून काही कळत नाही.

केस गळत नाहीत, हे मात्र बऱ्याच डूडलांच्या बाबतीत खरं आहे. पण गळत नाहीत म्हणजे जातात कुठे? सुटलेला केस शेजारच्या कुरळ्या केसात अडकतो, तिथेच राहतो. गेल्या ऑगस्टमध्ये एक जोडपं चौदा महिन्यांचा डूडल घेऊन दवाखान्यात आलं. लंगडतो म्हणाले. वरून बघाल तर छान फुगलेला, कापसाचा ढग. मी काखेत बोटं घातली तर आत जातच नाहीत. दोन्ही काखांत, कानांमागे, पट्ट्याखाली जटा, आणि त्यांनी कातडी इतकी खेचलेली की पाय पुढे टाकताना दुखायचं. मशीन लावून भादरला, तर पाठीवरची लोकर घोंगडीच्या तुकड्यासारखी एकसंध निघून आली. खाली कातडी लाल, ओलसर, पावसाळ्याचा कुबट वास. एका पंजाच्या बोटांत कुसळ रुतून पू झालेला. बाई रडायला लागल्या. ‘रोज ब्रश करतो हो,’ म्हणत होत्या, आणि ते खरंच होतं, पण ब्रश वरवर फिरत होता.

डूडलला विंचरायचं म्हणजे केसांचा भांग पाडत पाडत, कातडी दिसेल इतक्या मुळापासून, स्टीलच्या फणीने. आंघोळीच्या आधी, कारण ओला गुंता आणखी आवळतो. दिवसाआड अर्धा तास धरा. आठ-दहा महिन्यांच्या सुमारास पिल्लाची लव जाऊन मोठे केस येतात, तेव्हा रोज. शिवाय सहा-आठ आठवड्यांनी ग्रूमरकडे, आमच्या भागात मोठ्या कुत्र्याचे एका खेपेला दीड-दोन हजार जातात. हे तुमच्या घरात कोण करणार? मुलगा आठवडाभर करेल. उरल्या सासूबाई. त्यांना विचारलंत का? पत्रात त्यांचं मत कुठे दिसलं नाही. आणि लॅब्राडॉर आणि मोठा पूडल दोघंही मूळचे पाण्यात पडलेली शिकार उचलून आणणारे. त्यांचं पोर पंचवीस-तीस किलोचं होतं आणि मांजर दिसली की पट्ट्याच्या टोकाला जे कोण असेल त्याला घेऊन पळतं.

बाप जर छोटा पूडल असेल तर वजन दहा किलो भरेल की वीस, हे विकणारा सांगू शकत नाही, मीही नाही. म्हणून माझं मत विचाराल तर पूडलचे केसच हवे असतील तर सरळ मिनिएचर पूडल बघा. आकार ठाऊक, केस ठाऊक, डोकं तल्लख. बहुतेकांना ‘पूडल’ म्हटलं की हेअरकट केलेला नखरेल कुत्रा आठवतो आणि ‘डूडल’ म्हटलं की टेडी बेअर. कात्री एकच असते हो.

तरीही डूडलच घ्यायचं ठरलं, तर पिल्लू त्याच्या आईजवळ बघा. ‘आई गावाकडे आहे’ म्हणाला की चपला घाला. आई माणसाला बिचकत असेल तर पिल्लू कितीही गोड असो, नको. लॅब्राडूडलच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे आणि डोळ्यांच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झालीय का, विचारा. लसीकरणाच्या कार्डावर डॉक्टरांची सही आणि लसीच्या बाटलीचं लेबल हवं. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं असेल तर बहुधा जंत. कान हुंगून बघा. लोंबत्या, केसाळ कानांत आपल्या दमट हवेत संसर्ग लवकर होतो आणि तो आधी नाकाला कळतो.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला असतो. मुलीसाठी कॅव्हूडल घेतोय. ब्रीडर म्हणते ‘एफ-वन-बी’ घ्या, तोच चांगला. म्हणजे काय?
– एक वाचक, मेलबर्न

उत्तर : कॅव्हूडल म्हणजे कॅव्हेलियर या छोट्या स्पॅनियल कुत्र्याचा आणि पूडलचा संकर. एफ-वन ही त्या दोघांची पहिली पिढी. तिचा परत पूडलशी संकर केला की एफ-वन-बी, म्हणजे साधारण पाऊण हिस्सा पूडल. केस कुरळे असण्याची शक्यता वाढते, म्हणजे फणीचं कामही. ‘चांगला’ हा दर्जा त्या अक्षरांत कुठेही नाही. तुम्ही विचारायचं ते हृदयाचं. कॅव्हेलियरमध्ये हृदयाच्या झडपेचा आजार फार आहे, तेव्हा कॅव्हेलियर पालकाचं हृदय तज्ज्ञाकडून कधी तपासलं, तो कागद मागा. नुसतं ‘व्हेटने बघितलंय’ चालवून घेऊ नका. तुमच्या व्हिक्टोरिया राज्यात जाहिरातीत मायक्रोचिप नंबर आणि सोर्स नंबर, म्हणजे विकणाऱ्याचा सरकारी नोंदवहीतला क्रमांक, द्यावाच लागतो. पैसे पाठवण्याआधी सोर्स नंबर सरकारी नोंदवहीत टाकून बघा.

प्रश्न : उन्हाळ्यात माझ्या शिपूला (शित्झू आणि पूडलचा संकर) पूर्ण भादरू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आखूड करा, कातडीपर्यंत नको, उन्हाने पोळते. बोटभर केस राहू द्या, फिरायला सकाळी सहाच्या आत न्या, आणि नेण्याआधी रस्त्यावर स्वतःचा तळहात टेकवून बघा.