बावीस फुटी बोट इंदूरहून न्यायची, तर...

तुमचा बेत मला असा समजला: आराखडे विकत घेऊन घरच्या शेडमध्ये प्लायची २२ फुटी शिडाची बोट बांधायची. रुंदी २.७० मीटर, झोपायला चार जागा, खाली सरळ वर ओढून घ्यायची कील, म्हणजे बोट सावरून धरणारी तळाखालची वजनदार पाती. भोपाळच्या मोठ्या तलावावर शर्यतीची हौस भागवायची आणि दिवाळीत इंदिरा सागर धरणाच्या जलाशयावर, हनुवंतियाला चार दिवस बोटीतच मुक्काम. बेत झकास आहे. पण रुंदी आणि कील, या दोन्हींवर मी काट मारीन.

आधी रुंदी. रुंद बोट वाऱ्यात कमी कलते, हे खरंच, पण तुम्हाला ती ट्रेलरवरून न्यायची आहे. १९७७ ची जे/२४ ही शर्यतीची बोट अशीच २.७१ मीटर रुंद आहे. त्याच घराण्यातली जे/७० २०१२ साली आली, ती अवघी २.२५ मीटर. रुंदीत गेलेलं कीलच्या खोलीत भरून काढलंय. हिशेब सोपा आहे: २०० किलो शिसं १.२० मीटर खाली टांगा, नाहीतर ३०० किलो ८० सेंटिमीटर खाली. बोट सावरण्याचा जोर सारखाच. वाचलेले १०० किलो भेरूघाट चढताना तुमच्याच गाडीला आठवतील.

खोल कील म्हटली की ती उचलावी लागणार, आणि माझा खरा आक्षेप इथे आहे. सरळ वर सरकणारी कील शर्यतीला छान, पण कशाला अडकली तर मागे जात नाही. इंदिरा सागरच्या पाण्यात २००४ साली हरसूद हे अख्खं गाव बुडालं. झाडांचे खुंट अजून खाली आहेत, आणि मे महिन्यात पाणी उतरलं की ते नेमके कीलच्या उंचीला येतात. माझी आधीची बोट जेमतेम चार नॉटने, म्हणजे ताशी सातेक किलोमीटरने चालली होती. एकदम जागच्या जागी थांबली. मी केबिनच्या दारावर आपटलो आणि उठून पाहतो तर कील ज्यात वर सरकते त्या पेटीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यातून पाण्याची धार. टॉवेल कोंबून, बादलीने उपसत काठ गाठला.

म्हणून बिजागरीवर मागे झुलणारी कील घ्या. कॅटलिना २२ या बोटीत ती १९६९ पासून आहे. कील आत घ्यायला तळाला ठेवलेल्या फटीमुळे वेग थोडा जातो, जाऊ द्या. बोट पालथी झाली तर कील आत पडू नये म्हणून बोल्ट घालून जाम करतात. मोठ्या वाऱ्यात ते योग्य, खुंटांच्या पाण्यात मात्र बोल्ट काढून ठेवा, नाहीतर बिजागरी कशाला?

आता प्लाय. परदेशी आराखड्यातलं वजन बहुधा ओकूमे या हलक्या लाकडाचं धरलेलं असतं. आपल्याकडचा गर्जन लाकडाचा आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) प्लाय चांगला टिकतो, पण जड. ९ मिमीची आठ बाय चारची शीट ओकूमेची १३ किलोच्या आसपास, गर्जनची १९. पंचवीस शीटा लागल्या तर दीडशे किलो असेच वाढले! हे आधी धरलं नाही तर बोट आराखड्यातल्या पाण्याच्या रेषेपेक्षा खोल बसेल. चार झोपायच्या जागांपैकी दोन तिथेच कापा. तसंही चौघं तिथे झोपत नाहीत, दोघं जण डेकवर डास मारत बसतात.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच, आणि एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार हुकवर यायला हवा. कमी पडला की ट्रेलर मागे शेपटीसारखा डोलतो. पोचल्या पोचल्या बोट पाण्यात सोडू नका. चाकाच्या हबला हात लावून बघा. गरम हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, पाणी ओढलं जातं आणि बेअरिंगं गंजतात. तोवर डोलकाठी उभी करा, पण त्याआधी वर विजेच्या तारा नाहीत ना ते बघा. काठी अ‍ॅल्युमिनियमची असते.

गाडी कोणती ते तुम्ही लिहिलंच नाहीत. तिची ओढायची क्षमता कळवा, मग शिसं किती धरायचं ते बघू.