नऊचा ताळा जमला, तरी बिल चुकलं कसं?

प्रश्न : पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचा व्यापार आहे. बिलाचा गुणाकार वडील नऊच्या ताळ्याने तपासायचे, मीही तसंच करतो. परवा ३४७ क्रेट, दर २८६ रुपये, या बिलात ९९,२४२ ऐवजी ९२,९४२ लिहिलं गेलं आणि ताळा मात्र जमला! मुलगी नाशिकला बी.एस्सी. करते. ती म्हणते, ताळा म्हणजे होमोमॉर्फिझम. म्हणजे काय? आणि परीक्षेत तिचे याच धड्यात मार्क का जातात?

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. ३४७ ची बेरीज १४, म्हणजे ५. २८६ ची १६, म्हणजे ७. पाच साती ३५, त्याचे ८. इकडे ९९,२४२ ची बेरीज २६, तिचेही ८. ताळा म्हणजे नऊने भागून उरलेली बाकी (पूर्ण भाग गेला तर ९ येतात, ते शून्यच समजायचे). आधी गुणाकार करून मग बाकी काढा, नाहीतर आधी बाक्या काढून त्यांचा गुणाकार करा आणि पुन्हा बाकी घ्या, उत्तर तेच. बेरजेचंही तसंच. प्रत्येक संख्येला पलीकडची एक ठरलेली संख्या देणारा नियम म्हणजे मॅप; इथे संख्येवरून बाकी काढणं हा मॅप. क्रिया आधी की मॅप आधी, याने फरक पडत नाही, तो होमोमॉर्फिझम. दोन्हीकडे क्रिया एकच हवी असंही नाही : २ चा लॉग ०.३०१ आणि ३ चा ०.४७७ यांची बेरीज ०.७७८, आणि हाच ६ चा लॉग. गुणाकार पलीकडे बेरीज होऊन उतरला.

पण लॉगवरून मूळ संख्या परत मिळते, ताळ्यावरून मिळत नाही. जे जे पलीकडे शून्य होतं, त्याला कर्नल म्हणतात; ताळ्याचा कर्नल म्हणजे नऊच्या सगळ्या पटी. तुमच्या दोन रकमांतला फरक ६,३००, म्हणजे नऊ गुणिले ७००. चूक नेमकी कर्नलमध्ये पडली, ती ताळ्याला दिसणारच नाही. अंक मागेपुढे झाले की फरक नेहमी नऊच्या पटीतच येतो. आपल्या देवळालीचे गणितज्ञ कापरेकर यांची ६१७४ ची रीत घ्या (चार अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून तेच चढत्या क्रमाने लावून वजा करायचे, उत्तरावर पुन्हा तेच) : ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. प्रत्येक उत्तराची अंकबेरीज इथे १८, म्हणजे नऊची पट, ती याच कारणाने.

म्हणून जोडीला अकराचा ताळा घ्या. उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. २८६ चे ६ – ८ + २ = ०, तेव्हा गुणाकाराचाही शून्यच यायला हवा. ९९,२४२ चे २ – ४ + २ – ९ + ९ = ०. ९२,९४२ चे मात्र १४, अकरा काढून ३. चूक सापडली. शेजारचे दोन वेगळे अंक उलटले तर हा ताळा चुकवत नाही. एक सोडून एक अंक उलटले, म्हणजे शतकाच्या जागी एककाचा गेला, तर फरक ९९ च्या पटीत पडतो आणि दोन्ही ताळे फसतात. तिथे गुणाकार पुन्हा करण्याला पर्याय नाही.

आता मुलीचे मार्क. एक चूक अगदी नेहमीची : वर्ग करणं हा बेरजेसाठी होमोमॉर्फिझम मानणं. ३ आणि ४ च्या वर्गांची बेरीज २५, ७ चा वर्ग ४९. गुणाकारासाठी मात्र तो चालतो. कोणती क्रिया, हे आधी लिहायलाच हवं. दुसरी चूक जास्त महागात पडते. सहाने भागून उरणाऱ्या बाक्यांकडून चारने भागून उरणाऱ्या बाक्यांकडे ‘जसाच्या तसा’ मॅप घेतला, की तो मॅपच उरत नाही. सहाच्या हिशोबात १ आणि ७ एकच आहेत. चारच्या हिशोबात १ चा १ राहतो आणि ७ चे ३ होतात. बेरीज तपासण्याआधी हे तपासायचं.

रीत अशी : १ कुठे जातो तेवढं ठरवा, बाकी सगळं त्यावरून ठरतं. तो ‘अ’ कडे गेला तर सहा वेळा ‘अ’ मिळवून चारच्या हिशोबात शून्य यायला हवं. म्हणून ‘अ’ ० किंवा २, असे दोनच होमोमॉर्फिझम. २ घेतला तर कर्नल ०, २, ४ आणि पलीकडे मिळतात ० आणि २. एकूण बाक्या सहा, कर्नलमध्ये तीन; सहा भागिले तीन, दोन, आणि पलीकडे मिळाल्याही दोनच. हा पडताळा उत्तरपत्रिकेत शेवटी एका ओळीत लिहावा.