पीएस२ (प्लेस्टेशन २) वर ‘डिस्क रीड एरर’ येतो, दुकानदार म्हणतो लेन्स बदला. खरंच बदलावी लागेल का?

लगेच नको. तुम्ही प्रश्नात जाता जाता एक गोष्ट लिहिली आहे, ती दुकानदाराने विचारलीही नसेल. दादाचा स्लिम पीएस२ माळ्यावरून काढला, चंदेरी डिस्क टाकल्या की कधी ‘डिस्क रीड एरर’ येतो, कधी लाल स्क्रीन. पण खालून निळी असलेली एक डिस्क मात्र बिनतक्रार चालते. सगळी मेख त्या निळ्या डिस्कमध्ये आहे.

निळ्या तळाची पीएस२ डिस्क म्हणजे सीडी आणि चंदेरी म्हणजे डीव्हीडी. आपण ज्याला सरसकट ‘लेन्स’ म्हणतो त्या युनिटवर भिंगाचा ठिपका एकच दिसतो, पण त्यामागे लेझर दोन असतात: सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा. म्हणजे डीव्हीडीचा लेझर थकला आणि सीडीचा ठणठणीत आहे, असं होऊ शकतं. दुकानदार तेच गृहीत धरतोय. पण नुसत्या धुळीनेही नेमकं हेच लक्षण दिसतं. सीडीवर दोन ट्रॅकमधलं अंतर १.६ मायक्रॉन असतं, डीव्हीडीवर ०.७४. भिंगावर पातळ थर बसला तर सीडी कशीबशी वाचली जाते आणि डीव्हीडी अडते. इतके पावसाळे माळ्यावर काढलेलं मशीन म्हटल्यावर माझा पहिला संशय धूळ आणि बुरशीवर, लेझरवर नंतर.

त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी डिस्क बदलून बघा. घरात एखाद्या सिनेमाची ओरिजिनल डीव्हीडी असेल तर ती लावा. सिनेमा आणि गेम दोन्ही त्याच ६५०च्या लेझरने वाचले जातात, पण सिनेमाला गेमसारखी ओरिजिनल-नकली तपासणी आड येत नाही. सिनेमा अर्धा तास सुरळीत चालला, तर लेन्सवर पैसे घालायचं काही कारण नाही. दोष डिस्कमध्ये शोधायचा.

लाल स्क्रीनबद्दल थोडं. त्यावर ‘प्लेस्टेशन किंवा प्लेस्टेशन २ फॉरमॅटची डिस्क घाला’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य येतं आणि लोक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की आत जे आहे ते मशीनने आपल्या गेमची डिस्क म्हणून मान्य केलं नाही. वाचता आलं नाही म्हणून मान्य केलं नसेल, किंवा वाचता येऊनही. अमेरिकेतल्या मावशीने आणलेला गेम भारतात विकलेल्या, चिप (परदेशी आणि कॉपी केलेले गेम चालू देणारा, आत वेगळा बसवलेला भाग) नसलेल्या पीएस२ वर चालणार नाही, लेन्स कितीही कोरी असली तरी. कॉपी डिस्कचंही तेच. आपल्याकडच्या पुष्कळ पीएस२ ना तेव्हा चिप बसवून घेतलेली असायची. ती चिप सटकली किंवा मेली, तर दादाच्या काळी धावणाऱ्या सगळ्या कॉप्या एका दिवसात लाल स्क्रीन दाखवायला लागतात. दादाला फोन करून विचारा, चिप होती का.

आता त्या चंदेरी डिस्क उलट्या करून ट्यूबलाइटखाली धरा. तळ जांभळट झाक मारत असेल तर ती राइट केलेली डीव्हीडी आहे. त्यातला रंगाचा थर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने उतरत जातो आणि मग कितीही पुसा, डेटाच शिल्लक नसतो. (राइट केलेल्या काही सीडीही निळसर दिसतात, पण कंपनीच्या निळ्या डिस्कवर वरच्या बाजूला नीट छापील चित्र असतं. मार्करने नाव लिहिलेलं नसतं.) तळ खरा चंदेरी असेल तर ओरखडे बघा. मधल्या भोकापासून कडेकडे गेलेला ओरखडा वाईट दिसतो, पण फारसा त्रास देत नाही. प्रत्येक ट्रॅकचा अगदी छोटा तुकडा बिघडतो आणि तेवढं मशीन भरून काढतं. गोल, ट्रॅकच्या दिशेने गेलेला बारीकसा ओरखडा मात्र सलग डेटा खातो. म्हणूनच डिस्क गोल गोल फिरवून पुसायची नाही, मधून बाहेर सरळ पुसायची. आपल्याकडे डिस्क टी-शर्टला गोल घासून पुसायची जी पद्धत आहे, तिनेच निम्म्या डिस्क गेल्या असं माझं मत आहे.

टूथपेस्ट? हो, थोडाफार उपयोग होतो. डीव्हीडीत डेटा दोन ०.६ मिलिमीटरच्या चकत्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे तळाचं प्लॅस्टिक जरासं घासून ओरखड्याच्या कडा बोथट करता येतात. पांढरी साधी पेस्ट घ्यायची, जेल नाही. गाडीचं पॉलिश त्याहून बरं. फक्त हा प्रयोग चुलतभावाच्या पीएस३ च्या ब्लू-रे डिस्कवर करू नका. तिच्यात डेटावर जेमतेम ०.१ मिलिमीटरचं कवच असतं. आणि सीडीच्या बाबतीत उलटी गंमत: तिचा डेटा वरच्या, चित्राच्या बाजूला लॅकरच्या पातळ थराखाली असतो. वरून खरचटलं तर पॉलिशने काही होत नाही.

आणखी एक खूण. गेम दर वेळी त्याच जागी अडकत असेल, त्याच लेव्हलला, त्याच व्हिडिओला, तर डिस्क. कुठेही, कधीही अडकत असेल तर मशीन.

मशीनवर बोट आलं तर भिंग पुसा. स्लिममध्ये हे सोपं आहे, झाकण उघडलं की भिंग समोरच दिसतं. प्लग काढा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला बोर्ड साफ करायला जे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ज्याला दुकानात आयपीए म्हणतात, ते आणा. ९९ टक्केवालं. कानाच्या कापूसकाडीला दोन थेंब लावा, जास्तीचं झटकून टाका आणि भिंगावर मधून बाहेर हलक्या हाताने एक-दोन गोल फेऱ्या मारा. भिंग केसासारख्या बारीक तारांवर टांगलेलं असतं. काडी टेकली की ते खाली दबतं आणि सोडलं की वर येतं, हे डोळ्यांना दिसतं. तेवढंच दाबायचं. तार वाकली तर मग दुकानदार बरोबर ठरतो. काडीच्या कोरड्या टोकाने पुसून घ्या आणि दहा मिनिटं झाकण उघडं ठेवा. भिंग स्वच्छ असेल तर त्यात निळी-जांभळी चमक दिसते. दुधी, धुरकट दिसत असेल तर बुरशी आहे, पुन्हा एकदा पुसा. सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन भिंगावर थर सोडतं. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको. तोंडाने फुंकरही नको, थुंकीचे कण उडतात.

झाकण उघडं आहेच तर भिंगाला जोडलेली चपटी पट्टी, म्हणजे रिबन, बघून घ्या. काही स्लिममध्ये ती वयानुसार फुगून वर येते आणि फिरणाऱ्या डिस्कला घासते. तुमच्या सगळ्या डिस्कवर मध्यापासून सारख्याच अंतरावर एकसारखं गोल कडं उमटलं असेल, तर हा तिचाच पराक्रम. तसं असेल तर पट्टी नीट खाली बसवेपर्यंत एकही चांगली डिस्क आत घालू नका.

डिस्क फिरतच नसेल तर वेगळा विषय. आधी झाकण बोटाने घट्ट दाबून बघा. झाकण बंद झाल्याचं सांगणारी बटणं आत असतात, बिजागरी सैल झाली की ती दाबली जात नाहीत. फिरते पण टक टक आवाज करत मध्येच अडते, तर भिंग ज्या दोन दांड्यांवर सरकतं त्यांवरचं ग्रीस सुकून डिंकासारखं झालेलं असतं. त्यासाठी मशीन खोलावं लागतं, खालच्या रबरी पायांखाली स्क्रू आहेत. जुनं ग्रीस आयपीएने पुसून पांढऱ्या लिथियम ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका लावायचा. शिवणयंत्राचं तेल नको, ते फार पातळ असतं. खोबरेल लावलेलीही मशिनं माझ्या हाताखालून गेली आहेत. पुण्याच्या डिसेंबरात खोबरेलाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

एका उपायापासून मात्र लांब राहा. व्हिडिओंमध्ये लेझरच्या बोर्डवरचा बारीक स्क्रू फिरवून ‘पॉवर वाढवतात’. त्या स्क्रूने लेझरचा करंट वाढतो, थकलेला लेझर काही दिवस जोरात चालतो आणि मग कायमचा बसतो. विकाऊ मशीन गिऱ्हाईकासमोर चालवून दाखवण्यापुरता तो उपाय आहे. सेकंडहँड घेताना हे लक्षात असू द्या.

पुसून झाल्यावर कुठली डीव्हीडी चालते ते नीट बघा. डेटाच्या एका थराची चालली आणि ‘गॉड ऑफ वॉर २’सारखी दोन थरांची अडली, तर तेव्हा लेझर खरंच थकलाय असं मी मानेन. एका थराची डिस्क ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत पाठवते, दोन थरांची फक्त १८ ते ३०. लेझर दमायला लागला की पहिला फटका या डिस्कांना बसतो.

बदलायचीच वेळ आली तर मशीनच्या मागचा, एससीपीएच-ने सुरू होणारा नंबर घेऊन जा. स्लिममध्येही एकच लेन्स सगळ्यांना चालत नाही. ‘कंपनीची नवीन’ म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नका. पीएस२ चं उत्पादन २०१३ च्या सुरुवातीलाच बंद झालं. आज जे मिळतं ते नकली नवीन किंवा जुन्या मशीनमधून काढलेलं असतं, आणि मी तर दुसरं घेईन. नवीन युनिट घेतलंत तर त्यावर सोल्डरचा एक छोटा थेंब शोधा. स्थिर विजेने लेझर जळू नये म्हणून पुष्कळ युनिटवर दोन टोकं अशी जोडून पाठवतात. रिबन बसवल्यावर तो थेंब काढायचा असतो. तो न काढता ‘नवीन लेन्सही डेड निघाली’ म्हणून परत केलेली युनिटं दुकानात पडलेली असतात.

आणि डिस्कचा नादच सोडायचा असेल, तर फ्री मॅकबूट (पीएस२ वर बाहेरचे प्रोग्रॅम चालू देणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं मेमरी कार्ड घ्या. आपल्या ओरिजिनल डिस्कची कॉम्प्युटरवर कॉपी काढून ती ओपन पीएस२ लोडर या प्रोग्रॅमने चालवता येते. पेनड्राइव्हवरून व्हिडिओ अडखळतात, कारण पीएस२ चं यूएसबी जुनं १.१ आहे. स्लिमच्या मागे लॅनचं पोर्ट आहे, त्यातून बरंच सुरळीत चालतं. फक्त एससीपीएच-९०००० मालिकेतल्या शेवटच्या मशिनांवर फ्री मॅकबूट चालत नाही, कार्ड घ्यायच्या आधी नंबर बघा. ती मालिका ओळखायची सोपी खूण म्हणजे तिला बाहेरचा अ‍ॅडॉप्टर नसतो, वायर थेट मशीनमध्ये जाते.

आधी सिनेमाची डीव्हीडी लावून बघा आणि काय झालं ते मॉडेल नंबरसकट कळवा. चिपबद्दल दादा काय म्हणाला तेही.