स्कूलबस उलटली तर: एका दिवसात रेसिडेंटना काय शिकवाल?

बालरोग विभागात वीस रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर), हातात एक दिवस, पैसे शून्य, आणि मुलांच्या आपत्तीचं प्रशिक्षण द्यायचंय, असा तुमचा प्रश्न. विभागप्रमुख 'आपल्याकडे असं कुठे होतं' म्हणाले तर त्यांना तामिळनाडूतलं कुंभकोणम सांगा. 2004 साली एका शाळेच्या आगीत 94 मुलं गेली.

स्लाइड्स घरी ठेवा. औषधांचे डोस रेसिडेंटना पाठच असतात. आमच्या पहिल्या ड्रिलमध्ये तिघं जण पहिल्याच बाहुलीपाशी सलाइनची लाईन लावत बसले आणि बाकीचे 'जखमी' तसेच पडून राहिले. वॉर्डात जे शहाणपण, ती तिथे घोडचूक.

म्हणून आधी ट्रायाज, म्हणजे कुणाला आधी बघायचं ते ठरवून रंगीत रिबीन बांधणं. मोठ्यांसाठीची 'स्टार्ट' ही ट्रायाज पद्धत जशीच्या तशी लावू नका. तिच्यात श्वास मिनिटाला 30च्या वर गेला की लाल, म्हणजे ताबडतोब उपचार. रडणारं दोन वर्षांचं पोर सहज तिथे पोचतं, मग सगळीच लाल. डॉ. लू रोमिग यांच्या जम्पस्टार्टमध्ये, म्हणजे मुलांसाठीच्या पद्धतीत, 15 ते 45 चालतो. त्याहून मोठा फरक असा, की श्वासमार्ग मोकळा करूनही मोठ्या माणसाचा श्वास नसेल तर काळी रिबीन, म्हणजे वाचण्याची आशा नाही. मुलाची मात्र नाडी बघायची, लागली तर पाच श्वास द्यायचे, मग ठरवायचं. मुलांचा बहुधा श्वास आधी थांबतो, हृदय मागाहून.

रक्ताचा अंदाज डोळ्यांना द्या. 10 किलोच्या मुलात जेमतेम 800 मिली. मी लिटरच्या बाटलीत तेवढंच लाल पाणी घेऊन त्यातलं 200 मिली फरशीवर ओततो (सफाईवाले मामा नंतर बडबडतात). एवढं गेलं तरी बीपी नॉर्मल दिसू शकतं, त्यामुळे गार हातपाय आणि कॅपिलरी रीफिल (बोट दाबून सोडल्यावर रंग किती वेळात परततो) बघायला लावा.

आणि मूल कुणाचं? तीन वर्षांचं पोर स्वतःचं नाव 'पिल्लू' सांगतं, आईचं 'आई'. तोंड पुसण्याआधी फोटो, अंगावर नंबर, कपडे त्याच नंबरच्या पिशवीत. हिरव्या रिबिनीची, म्हणजे किरकोळ लागलेली, मुलं एका खोलीत, दारात आपला माणूस. ओळख पटल्याशिवाय कुणाच्या हाती द्यायचं नाही.

ड्रिलमध्ये नातेवाईक हवेतच. आमच्या एक सिस्टर आईच्या भूमिकेत होत्या. 'माझा कुठाय?' म्हणत त्यांनी एका ज्युनियर रेसिडेंटचा अ‍ॅप्रन सोडलाच नाही. ड्रिल संपल्यावर त्याच्या खिशात काळ्या रिबिनी निघाल्या, त्याने एकही बांधली नव्हती. डिब्रिफिंगला, म्हणजे ड्रिलनंतरच्या चर्चेला, पूर्ण तास ठेवा. आमचा त्या रिबिनींवरच गेला.